माळावर बोलू

आमच्या घरात भांडायला जागा नव्हती. दोन खोल्या, त्यात सासू-सासरे, धाकटा दीर, माझं शिलाई मशीन आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे गठ्ठे. नवराबायकोनं एकमेकांवर आवाज चढवायचा तर तिघांना साक्षीला बसवूनच चढवावा लागला असता. लग्नाला महिनाही झाला नसेल, मी भाजी चिरता चिरता काहीतरी टोचून बोलले. ह्यांनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि शांतपणे म्हणाले, "माळावर बोलू."

गावातलं शेवटचं घर संपतं तिथून माळ सुरू होतो. गवत, दगड, मधूनमधून झुडपं, आणि चढण संपते तिथे एक सपाट खडक. त्यावर दोन माणसं नीट बसतात, तिसरं लहान असेल तर मांडीवर मावतं. माळावर कुणी घर बांधायचं नाही असा नियम फार आधीपासून आहे. सरकारी नकाशात गावाभोवती हिरवा पट्टा रंगवलेला आहे, राखीव म्हणून. आम्हाला तेव्हा नकाशा माहीत नव्हता. तिथे कितीही ओरडलं तरी घरी ऐकू जात नाही, एवढं माहीत होतं.

मग तो रिवाजच पडला. हे बसवर ड्रायव्हर. संध्याकाळची फेरी संपवून आले की चहा घ्यायचे आणि दिवसभराचं साठलेलं भांडण घेऊन आम्ही निघायचो. चढण अशी की वर पोचेपर्यंत निम्मा राग धाप लागण्यातच जायचा. उरलेला खडकावर बसून काढायचा. आणि एक नियम होता. पायवाट अरुंद, एका वेळी एकच माणूस चालेल अशी. ज्याचं चुकलं त्यानं उतरताना पुढे चालायचं. माफी मागायची नाही, 'चुकलो' म्हणायचं नाही, फक्त उठून पुढे व्हायचं. पुढच्याला मागच्याचं तोंड दिसत नाही आणि मागच्याला पुढच्याचं. दोघांचीही अब्रू राहते.

बहुतेक वेळा हेच पुढे चालायचे. मी मागून, लढाई मारून आल्यासारखी.

मुलगी झाली, मोठी झाली, तीही ह्या खटल्यात सामील झाली. शाळेतून फुरंगटून आली की दप्तर टाकायची आणि चपला न काढता दारातच उभी राहायची. "माळावर चला. तुमच्याशी बोलायचंय मला." एवढासा जीव, पण तक्रारी केवढ्या!

ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. सासू-सासरे त्याआधीच गेले होते, दिरानं दुसरीकडे घर केलं. आता घरात भांडायला हवी तेवढी जागा आहे. तरी मी संध्याकाळी पुढच्या खोलीतल्या माझ्या शिलाईच्या दुकानाला कडी घालते आणि माळावर जाते. मशीनचा पट्टा तुटला, शेजारीण लागट बोलली, गुडघा दुखतो, सगळं ह्यांना ऐकवते. तिकडून उत्तर येत नाही ही एक अडचण सोडली, तर आमचं पूर्वीसारखंच चाललंय.

अशा त्या माळावर एके दिवशी दोन खांब रोवलेले दिसले, आणि खांबांवर मोठा फलक. 'निसर्गाच्या कुशीत साठ घरं.' वर एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र. कुशीत म्हणे! साठ घरं झाल्यावर कूस उरणार कुठे? माझं डोकंच फिरलं. राखीव पट्ट्यातून एवढा तुकडा वगळावा, असा अर्ज बिल्डरनं केला होता आणि कुणाची हरकत असेल तर ती घेण्यासाठी सुनावणी व्हायची होती.

गावात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. कुठलीही गोष्ट घडली की त्यावर ठराव मांडायचा, ही त्यांची सवय. म्हणून त्यांना सगळे ठरावकाका म्हणतात. त्यांनी लगेच समिती काढली. समितीच्या बैठका माझ्या दुकानात, कारण बसायला बाकडी तिथेच होती. मी कंबर कसली. फलक शिवले, घरोघर फिरले, लोकांना म्हटलं, हरकत घ्या, तुमच्या तुमच्या शब्दांत घ्या. ठरावकाकांचं स्वतःचं घर अगदी माळाला टेकून आहे आणि त्यांच्या बैठकीच्या खोलीतून सगळा माळ दिसतो, हे तेव्हा कुणी बोललं नाही. मीही नाही.

सुनावणीच्या आधी आठेक दिवस मुलीचा फोन आला. ती शहरात असते, इस्पितळात रक्त तपासायच्या विभागात. ती, जावई आणि नात, तिघं एका खोलीत. तिथे पलंग आणि कपडे धुण्याचं मशीन यांच्यामधून माझ्यासारखीला तिरकं होऊनच जावं लागतं.

"आई, एक सांगायचंय. रागावू नकोस."

"म्हणजे रागावण्यासारखंच आहे."

"माळावर ती घरं होणार आहेत ना, त्यात आम्ही नाव नोंदवलंय."

मी पायमशीन चालवत होते. पाय आपोआप थांबला.

"गावात एक घर विकायला नाही," ती भराभर बोलायला लागली. "असलं तरी आम्हाला झेपत नाही. तुझ्याकडे दुकान सोडून एकच खोली, तिथे चौघं कुठे मावणार? ही झेपतात. गावाजवळच्या इस्पितळात मला नोकरी मिळतेय. मला यायचंय गं तुझ्याजवळ. बाबा गेल्यापासून तू एकटी काय काय बडबडत असतेस, शेजारणी सांगतात मला."

'मला तुझ्याजवळ यायचंय.' चार वर्षं मी ह्या एका वाक्यासाठी कान टवकारून बसले होते. फोन वाजला की वाटायचं, आज म्हणेल. आणि आलं ते असं आलं.

"माळावर बोलू," मी सवयीनं म्हणून गेले.

"मी इथे, तू तिथे," ती म्हणाली. "कुठल्या माळावर बोलायचं, आई?"

त्या संध्याकाळी वर जाऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. खडकावर बसल्या बसल्या मला नात दिसायला लागली. दुकानात माझ्या पायाशी बसून चिंध्या गोळा करणारी, बटणांच्या डब्यात हात घालणारी, दारात चपला न काढता उभी राहणारी. मुलगी कामावरून येताना दुकानात डोकावणारी, "आई, चहा टाक" म्हणणारी. माझा जीव तळमळला. मग खाली गवताकडे पाहिलं. वारा आला की सगळं गवत एकदम एका अंगाला झुकतं. ह्या वाटेवरून हे पुढे उतरताना त्यांच्या मानेवरचे पांढरे होत गेलेले केस मी वर्षानुवर्षं पाहिले. हा माळ गेला तर मी त्यांना कुठे गाठू? घरात त्यांचा फोटो आहे, पण फोटोशी भांडता येत नाही. तो सारखा हसत असतो.

खरं सांगते, मला दोन्ही हवं होतं. पण मी घरोघर जाऊन लोकांना हरकत घ्यायला लावली होती. त्यांतल्या कुणाकुणाची मुलंही घरासाठी अडली असतील. दुसऱ्याच्या लेकरांसाठी माळ द्यायचा नाही आणि माझी लेक आली की द्यायचा, हे मला जमेना.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. अधिकारी बाई तरुण होत्या, सर्दीनं बेजार. ठरावकाकांनी हरकत वाचली, ती एवढी लांब की मागे दोघंतिघं पेंगली. मग माझी पाळी आली. मला भाषण येत नाही. मी माझ्या धंद्यातलं बोलले.

"बाई, मी लहान मुलांचे कपडे शिवते. शिवणीच्या आत आम्ही थोडं जादा कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. वरून दिसत नाही. नवशिक्याला वाटतं, वाया गेलं, कापून टाका. पण ते कापलं तर कपड्याचं आयुष्य संपलं. आमच्या गावाला हा माळ म्हणजे तशी माया आहे. बिल्डर म्हणतो, रिकामाच आहे. रिकामा नाही तो. राखून ठेवलाय."

टाळ्या पडल्या. ठरावकाकांनी तर उठून वाजवल्या. मला वाटलं, मारलं मैदान.

"मग ती उसवायची कधी?"

आवाज मागच्या रांगेतून आला. मी वळायच्या आधीच ओळखला. मुलगी उभी होती, कडेवर नात. दुपारच्या बसनं आली असणार, मला न कळवता.

"मी हिची मुलगी," ती अधिकारी बाईंना म्हणाली. "माझ्या शाळेच्या फ्रॉकची माया आई दर वर्षी थोडी थोडी उसवायची. मी वाढायची ना, म्हणून. माया त्यासाठीच सोडतात. मूल मोठं झालं तरी उसवायचीच नाही, तर मग सोडायची कशाला?"

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. माझ्याच कात्रीनं माझंच बोट कापलं होतं.

"उसवतात," मी कशीबशी म्हणाले. "पण ज्याचं अंग वाढलं असेल त्याच्यासाठी."

"माझं वाढलंय, आई. आम्ही तिघं आहोत आता."

अधिकारी बाईंनी नाक पुसलं आणि हळूच विचारलं, "आजी, तुमची हरकत ठेवायची की मागे घ्यायची?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी फक्त मुलीकडे बघत होते. ती मान हलवून काही खुणावेल असं वाटलं, पण तिनं तसं काही केलं नाही. तिनं नातीच्या फ्रॉकचा पट्टा सारखा केला.

"ठेवा," मी म्हणाले.

सभा संपल्यावर तिला परतीची बस धरायची होती. माळावर जायला वेळच नव्हता. नात खांद्यावर झोपलेली. मी म्हटलं, "पोचलीस की फोन कर." ती म्हणाली, "हो." तिनं फोन केला, पोचल्याचं सांगितलं आणि ठेवून दिला.

दोन महिन्यांनी निकाल लागला. परवानगी नाकारली. गंमत म्हणजे ना माझी माया कामाला आली, ना ठरावकाकांचं पारायण. गावात येणारा रस्ता अरुंद आहे, साठ घरांच्या गाड्या त्यावर मावणार नाहीत, म्हणून नाकारली. गावात आनंदीआनंद झाला. ठरावकाकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि माझ्या अभिनंदनाचा ठराव मांडला. मी आभार मानले. चहा कपातच राहिला.

मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कळलं मला." मग म्हणाली, "तुझ्या जावयांना दुसरीकडे नोकरी मिळतेय. तिथे घर झेपेल. पण ते लांब आहे, आई. इथून आत्ता दोन तासांत येते, तिथून अख्खा दिवस जाईल."

"बरं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

जाण्याआधी एका सुट्टीला तिघं आली. जेवणं झाली, जावई आणि नात आडवी झाली. मी भांडी आवरत होते. वळून पाहते तर मुलगी दारात चपला घालून उभी.

"माळावर चल," ती म्हणाली.

चढताना गुडघ्यामुळे मी दोनदा थांबले, ती दोन्ही वेळा थांबली. खडकावर बसलो. खांबांच्या जागी आता नुसते दोन खड्डे होते, त्यांत गवत उगवायला लागलं होतं. मी वाट पाहत होते, आता ही तोंड सोडेल. सोडावं असं मला वाटत होतं. पण ती बराच वेळ खडकावर तळवा फिरवत राहिली.

"मी कोपऱ्यातलं घर मागितलं होतं," ती म्हणाली. "नकाशात बघून. हा खडक त्याच्या अंगणात येत होता."

मी तिच्याकडे पाहिलं.

"म्हटलं, घरं व्हायचीच असतील तर हा कुणा परक्याच्या अंगणात का जावा? त्यांनी फोडून टाकला असता. तू रोज संध्याकाळी आली असतीस, बाबांशी भांडली असतीस. मी आतून चहा दिला असता."

"मग हे बोलली का नाहीस मला?"

"कुठे बोलू? फोनवर?" तिचा आवाज फुटला. "हे फोनवर बोलायचं होतं का, आई?"

मी तिचा हात धरला. रक्त तपासताना सारखा धुऊन धुऊन कोरडा पडलेला हात. मग दोघीही मनसोक्त रडलो. माळावर ती सोय आहेच, खाली ऐकू जात नाही.

ऊन कलायला लागलं. खाली नात उठली असेल, आजी कुठे म्हणून विचारत असेल. मुलगी उठली आणि पायवाटेकडे वळली. मी तिला हातानं अडवलं आणि पुढे झाले.

"तू कशाला पुढे?" ती म्हणाली. "तुझं काय चुकलं? तू तर जिंकलीस."

"तुझे बाबा बहुतेक वेळा पुढे चालायचे," मी म्हणाले. "तुला काय वाटतं, बहुतेक वेळा त्यांचंच चुकायचं?"

मी उतरायला लागले. मागून तिच्या चपलांचा आवाज येत होता, अगदी जवळून, लहानपणी यायचा तसा. गुडघा त्या दिवशी तितकासा दुखत नव्हता. तरी मी मुद्दाम सावकाश उतरले.