पुढे सरका

"पुढे सरका, पुढे सरका," खाटेवरून कंडक्टर म्हणाला, आणि त्याचा धाकटा भाऊ टुणकन उठला.

"बघा वहिनी! दादा हो म्हणतोय. करून टाका म्हणतोय."

वहिनीने नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली. सकाळी चहा पाजला तेव्हाही नवरा हेच म्हणाला होता, आणि सिस्टरने इंजेक्शन दिले तेव्हाही. उभा जन्म बसमध्ये ओरडण्यात गेलेला. घरी आला तरी तोंडाचा पट्टा चालूच. "अहो, श्वास तरी घ्या," असे तीच म्हणायची. मग मेंदूत गाठ निघाली. कवटीला भोक पाडून सुईने तिचा तुकडा काढला, तिथे रक्त साकळले. उजवा हात लुळा पडला, आणि सगळी बडबड जाऊन एवढे दोनच शब्द उरले. वर तो तुकडाही तपासायला पुरला नाही.

"गाठ कसली ते कळल्याशिवाय औषध देता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुन्हा सुई घालावी लागेल. गाठ खोल आहे. या वेळी रक्तस्राव झाला तर कदाचित शुद्धीवरही येणार नाहीत."

"आणि नाही केलं तर?" वहिनीने विचारले.

"गाठ वाढत राहील. फार दिवस नाहीत मग."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि ढकलायचे तिनेच.

दीर बाहेर गेल्यावर ती नवऱ्याजवळ वाकली. "अहो, नको असेल तर नको करू या. पण खरं काय ते सांगा. हे माझ्या एकटीवर टाकू नका हो."

त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. कपाळावर घाम आला.

"पुढे सरका," तो म्हणाला, आणि स्वतःचेच शब्द ऐकून त्याने तोंड भिंतीकडे फिरवले.

तिला त्याचा राग आला, आणि रागाची लाजही वाटली. हातावर हात ठेवून बसणे म्हणजे त्याला आपल्याच हाताने मारणे, असे मनाला बजावत तिने सही केली.

दुसऱ्या दिवशी स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी थांबले. त्याच्या डाव्या बाजूला ती उभी होती.

"ताई, हात सोडा आता," सिस्टर म्हणाली.

"मी कुठे धरलाय हो," ती म्हणाली.

सिस्टरने खाली पाहिले, आणि त्याचे एकेक बोट सोडवायला घेतले.