चाकाखालचा दगड

हरिबाचा ट्रॅक्टर गेली दहा वर्षं बिरोबाच्या देवळाच्या उतारावर उभा राहायचा. घरापुढं एवढं अंगण मोकळं पडलेलं, पण तिथं तो कधी लावला नाही. कारण साधं होतं. बॅटरी कामातून गेलेली. चावी फिरवली की आतून एक ‘टक’ यायचं आणि पुढं सगळं गप्प. म्हणून उतारावर चाकाखाली एक दांडगा दगड लावायचा, सकाळी तो पहारीनं सरकवायचा, गाडी आपसूक घरंगळायला लागली की क्लच सोडायचा. धुराचा लोट काढत ट्रॅक्टर चालू व्हायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. गावातल्या निम्म्या ट्रॅक्टरांची तीच तऱ्हा होती.

वावगं वाटलं ते सुकन्याला, हरिबाच्या सुनेला. तिचा नवरा बिरुदेव पुण्याकडं कंपनीत होता आणि महिन्यातून एकदा घरी यायचा. हरिबाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी त्याला गाडीला हात लावू नको म्हणून सांगितलेलं. तेव्हा ट्रॅक्टर शिकली ती सुकन्या. आधी अंगणात, मग बांधाबांधानं, मग रानात. गावानं चार दिवस बघितलं, चार दिवस बोललं आणि मग आपल्या कामाला लागलं.

पण चालवायला येऊन भागत नव्हतं. गेल्या साली ऐन पेरणीत उतारावर चिखल झाला. दगड काढला तर चाकं फिरायची सोडून नुसतीच घसरली आणि ट्रॅक्टर खाली सपाटीला जाऊन मुक्यानं उभा राहिला. ढकलायला चार गडी पाहिजेत. चार गडी म्हणजे चुलत दीर गुंडा आणि त्याची माणसं. गुंडा वाईट नव्हता. फक्त त्याची स्वतःची पेरणी आधी होती, ते रीतीनंच होतं. तो तिसऱ्या दिवशी आला. तोवर काळ्या रानातली ओल उडाली होती. सगळ्यांच्या ज्वाऱ्या पुरुषभर गेल्या आणि ह्यांची कमरेएवढी राहिली. कडबा एवढासा निघाला की मेंढरं पोसायला तो मंगळवेढ्याच्या बाजारातून आणावा लागला. सुकन्यानं तेव्हाच मनात घेतलं होतं, पुढच्या साली रानाला पेरणीजोगता वाफसा आला की पहिल्याच दिवशी पेरायचं आणि त्यासाठी कुणाच्या दारात जायचं नाही.

ह्या साली पाऊस उघडला तसा तिनं विषय काढला.

“मामा, उद्या बॅटरी आणू या.”

“अगं, चालतंय की उतारावर,” हरिबा म्हणाला.

“गेल्या साली चाललं व्हय?”

हरिबा चुन्याची डबी शोधायला लागला.

आता बॅटरी आणायची म्हणजे जुनी दाखवून तसली दुसरी मागायची, एवढं सोपं नव्हतं. जुनी बॅटरी ट्रॅक्टरची नव्हतीच. गुंडानं कधीकाळी कुणाच्या मोटारीची उतरवलेली बसवून दिली होती. ती पेटीत हलायची म्हणून भोवतीनं पोत्याची घडी आणि लाकडाच्या दोन ढलप्या ठोकलेल्या. सुकन्यानं ढलप्या काढल्या, रिकामी पेटी पुसली आणि लोकरीचा एक धागा घेतला. तिचं माहेर घोंगड्या विणणारं. तिथं मापं धाग्यावरच ठेवायची, पट्टी कुणाच्या हातात नसायची. पेटीची लांबी धरून एक गाठ, रुंदीला दुसरी, वरच्या पत्र्यापर्यंतच्या उंचीला तिसरी. प्लसची वायर ज्या अंगाला पोचत होती त्या टोकाला तिनं लाल लोकर बांधली.

जायच्या आधी तिनं आणखी एक काम केलं. उतारावरचा दगड सरकवून ट्रॅक्टर चालू केला, खाली आणला आणि सरळ अंगणात लावून बंद केला.

हरिबा धावतच आला. “हितं कुटं लावलास? उतारावर ऱ्हाऊ दे की. बॅटरी न्हाय चालली तर?”

“न चालायला काय झालं, मामा? नवी आणायलोय न्हवं.”

बोलून गेली खरी, पण उतरल्यावर तिनं टाचेनं अंगणातली माती दाबून बघितली. अंगण सपाट होतं आणि पावसानं मऊ झालेलं. तिथून ट्रॅक्टर हलवणं सासू-सासऱ्यांच्या आणि तिच्या आवाक्यातलं नव्हतं.

मंगळवेढ्यात अनिलकुमारचं दुकान होतं. जुनी बॅटरी मोडीसाठी काट्यावर ठेवून घेतल्यावर त्यानं तीन नव्या समोर मांडल्या. पहिली लहान, मोटारीची. ती त्यानंच बाजूला सारली. ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं तिच्या आतल्या पट्ट्या वर्षभरात खिळखिळ्या होतात, म्हणाला. राहिल्या दोन. एक मध्यम आणि एक भली थोरली.

हरिबानं थोरलीवर हात ठेवला. “हीच द्या. ताकद पायजे.”

सुकन्यानं कनवटीचा धागा काढून थोरलीला लावला. लांबी बसली, रुंदी बसली, उंचीची गाठ मात्र दोन बोटं खाली राहिली.

“मामा, वरचा पत्रा हिच्या वायर जोडायच्या मुंडक्यांना टेकंल.”

“पत्रा काढून टाकू.”

“आणि पावसात?”

अनिलकुमार धाग्याकडं बघत होता. लाल लोकर कशाला, ते त्यानं विचारलं आणि तिनं सांगितलं. “बाई बरोबर बोलतात,” तो म्हणाला. “दोन्ही मुंडक्यांना एकदम पत्रा लागला तर आग लागंल. तुमच्या इंजिनाला मधलीच भरपूर झाली, आणि प्लस पण पाहिजे त्याच अंगाला आहे.” त्यानं तिच्यावरचा महिना-वर्षाचा शिक्का दाखवला, माल ताजा होता. काचेची नळी बुडवून पाणी तपासून दाखवलं. गॅरंटीच्या कार्डावर नाव लिहिताना हरिबाचं लिहू का म्हणून विचारलं.

“तिचंच लिहा,” हरिबा तोंड वळवून म्हणाला. “तिनं निवडलीय. उद्या काय झालं तर मला नगं.”

दुपारी घरी आल्यावर सुकन्या बियाणं आणायला गावच्या शेती सोसायटीत गेली. बॅटरी ओट्यावर पाटावर ठेवलेली. तिची सासू केराबाई हिला नवी वस्तू पूजेशिवाय वापरात घेतलेली चालत नसे. तिनं पाणी फिरवलं, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. इथवर कुणाच्याही घरात होतं तेच. पण मग तिचं लक्ष त्या दोन मुंडक्यांकडं गेलं, बॅटरीतून वर आलेली, गोलसर, उघडी. तिच्या डोळ्यांपुढं बैल आले. बैलजोडी विकून बारा वर्षं झाली होती, पण बैलांच्या सणाच्या, बेंदराच्या, रंगाची डबी तिनं दरसाल ताजी आणून फळीवर ठेवली होती, आणि बेंदराला ट्रॅक्टरच्या बंपरला दोन पट्टे ओढल्याशिवाय तिला करमत नव्हतं. नवं जनावर दावणीला आलं की शिंगं रंगवायची. तिनं डबी काढली आणि दोन्ही मुंडकी लालभडक करून टाकली. एक हात वाळल्यावर दुसरा हातही दिला. कामात ती पहिल्यापासून नेटकी होती.

दिवस बुडताना हरिबानं वायरी चढवल्या आणि सुकन्यानं पान्यानं आवळल्या. बॅटरीवर सगळीकडं हळद-कुंकू माखलेलं. मुंडक्यांवरचं लाल तिला दिसलं, पण तेही कुंकूच असंल म्हणून तिनं सोडून दिलं. शेळ्या धारेसाठी ओरडत होत्या. चावी फिरवून बघायचं तिच्या मनात होतं, पण केराबाई म्हणाली, तिन्हीसांजंला नगं, सकाळच्या पारी सुरू कर. एवढ्यावरून सासूशी कुठं हुज्जत घालायची, म्हणून तिनं पेरणीची पाभर तेवढी ट्रॅक्टरमागं जोडून ठेवली.

सकाळी वाफसा असा आला होता की ढेकूळ हातात घेतलं तर दाबून लाडू व्हावा आणि सोडलं तर भुगा. सुकन्या सीटवर बसली. हरिबा आणि केराबाई दोन बाजूंना उभे. तिनं चावी फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक. दिवा लावून बघितला तर मिणमिणता लागला आणि चावी फिरवताच विझला.

“तरी म्हणत हुतो,” हरिबा म्हणाला. “थोरली घ्यायला पायजे हुती.”

सुकन्याला त्या घटकेला स्वतःचाच राग आला होता. माप, धागा, लाल लोकर, सगळी हुशारी त्या एका ‘टक’मध्ये जिरली. उतारावरून कालच ट्रॅक्टर आणला नसता तर दुपारपर्यंत निम्मं रान पेरून झालं असतं.

तेवढ्यात रस्त्यानं गुंडा त्याचा ट्रॅक्टर घेऊन चालला होता, मागं पाभर लावलेली. त्यानं थांबून अंगणात बघितलं. सगळं न सांगता त्याला कळलं.

“वैनी, आता तुमचा ट्रॅक्टर ओढायला पाभर सोडत बसलो तर माझी येळ जाईल,” तो म्हणाला. “मावळतीला मानसं घिऊन येतो. ढकलून देऊ.”

“मावळतीला काय पेरू, भावजी?”

“मग उद्या पेरा की. उद्याच्याला काय हुतंय?” आणि तो गेला.

उद्याच्याला काय होतं ते तिला ठाऊक होतं. ऊन आत्ताच चटकत होतं. हरिबा तोवर बॅटरी काढून परत मंगळवेढ्याला न्यायची भाषा करत होता, म्हणजे तोही दिवस गेलाच. तिनं कार्डावरचा नंबर लावला.

अनिलकुमारनं सगळं ऐकून घेतलं. “बॅटरी भरलेली आहे, तुमच्यासमोर तपासलीय,” तो म्हणाला. “वायर आणि मुंडकं ह्यांच्यामध्ये काहीतरी आहे. माती, गंज, ग्रीस, काहीतरी. मायनसची वायर आधी सोडा, मग प्लसची. मुंडकं नुसतं शिसं दिसलं पाहिजे, चकचकीत.”

नव्या बॅटरीला गंज कुठला, असं पुटपुटत तिनं पाना घेतला. मायनसची वायर सोडली आणि मुंडकं पदरानं पुसलं. हळद गेली, कुंकू गेलं. लाल राहिलं. नखानं ओरखडलं तर नखात पापुद्रा आला. तिनं तो उन्हात धरून बघितला आणि मग मान वर करून सासूकडं बघितलं.

“आत्या, हा बेंदराचा रंग हाय.”

केराबाईचा चेहरा उतरला. “व्हय,” ती म्हणाली. “शिंगाला लावत्यात तसा लावला. वाईट हुतं का?”

सुकन्याला राग आला. चांगला आला. गेल्या सालची सगळी ज्वारी तिच्या डोळ्यांपुढून गेली, आणि तिच्या जिभेवर असं काही आलं होतं की ते सुटलं असतं तर घरात महिनाभर कुणी कुणाशी बोललं नसतं. पण समोर म्हातारी लुगड्याचा काठ मुठीत धरून उभी होती, आणि त्या मुठीची बोटं अजून लाल होती.

“शिंगातनं करंट येत न्हाय, आत्या,” ती शेवटी म्हणाली. “ह्यातनं येतोय. विळा आणा.”

केराबाई विळा घेऊन आली ती पळतच. मुंडकी सुकन्यानं खरवडली आणि केराबाईनं ती नारळाच्या काथ्यानं घासली, भांडी घासते तशी, खाली शिसं चमकेपर्यंत. वायरींच्या आतली अंगंही घासली. हरिबा उभ्या उभ्या हसायला लागला, तसं केराबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो गोठ्याकडं निघून गेला. सुकन्यानं प्लस आवळली, मग मायनस, मग वर चढून चावी फिरवली.

ट्रॅक्टर एका झटक्यात चालू झाला. दहा वर्षांत चावीवर चालू झालेला त्या घरात कुणी बघितला नव्हता. हरिबा गोठ्यातून बाहेर आला.

“आत्या, पाभरीवर तुमी बसा,” सुकन्या इंजिनाच्या आवाजात ओरडली. “मामाला बियाच्या नळ्या दिसायच्या न्हाईत.”

केराबाई सबंध दिवस पाभरीवर बसून नळ्या तुंबतात का बघत होती. मध्ये दोनदा भाकरीला थांबले, दोनदा ट्रॅक्टर बंद केला आणि दोनदा चावीवर चालू केला. दुसऱ्यांदा तर काही गरज नसताना बंद केला होता. दिवस मावळायच्या आत रानात शेवटच्या ओळीचं तास पडलं.

ट्रॅक्टर अंगणात येऊन उभा राहिला आणि थोड्याच वेळात गुंडा तीन गडी घेऊन आला. शब्दाचा पक्का होता. बाह्या सावरत म्हणाला, “चला वैनी, बसा वर. ढकलतो.”

“पेरून झालं, भावजी,” सुकन्या म्हणाली.

गुंडानं पाभरीच्या फाळांवरची ओली माती बघितली. “कुनी ढकलला?”

“कुनी न्हाय.”

तो थोडा ओशाळला. चार माणसं हाताशी आणलेली आणि हाताला काम नाही. तेव्हा ओट्यावर घासलेटानं बोटांचा रंग काढत बसलेली केराबाई बोलली.

“गुंडा, चौघं आलाच हायसा, तर येक काम करा. उतारावर त्यो दगड हाय न्हवं चाकाखालचा? तेवढा उचलून बांधाला टाका. आमाला लागत न्हाय आता.”

गुंडानं सुकन्याकडं बघितलं. ती पाय धुवत होती. मग तो गड्यांना घेऊन उतार चढून गेला. रोज सरकवायला त्या दगडाला एक पहार पुरायची. उचलून बांधापर्यंत न्यायला चौघं लागले.