व्हिटॅमिनचं दुखणं

माझ्या आजाराला सांगण्याजोगं नाव मिळालं तेव्हा आमच्या घरात लग्न ठरल्यासारखा आनंद झाला. इंग्लंडातल्या लीड्सहून आणलेल्या फाइलमध्ये दोन गोष्टी होत्या. एक, मला नसलेले आवाज ऐकू येतात, तो मनाचा आजार. दोन, रक्तात व्हिटॅमिन डी फारच कमी. माझ्या भावाने, सम्राटने, पहिली गोष्ट फाइलीतच ठेवली आणि दुसरी अख्ख्या विंझर गावाला सांगितली.

लीड्सला मी एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायचे. तिथल्या दवाखान्याच्या फॉर्मवर वंशाचे रकाने असतात; मी 'भारतीय'वर खूण केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या सावळ्या कातडीला आमचं ऊन पुरत नाही, त्यात या आजाराची माणसं घराबाहेर पडत नाहीत, त्यामुळे हे कमी असणारच. पण ते भरून निघालं की आवाज जातील असं समजू नका, दोन्ही गोळ्या घ्यायच्या, असं त्यांनी बजावलं. एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. तो आवाज मराठीत बोलायचा. शिव्याच द्यायचा मेला, पण त्या शहरात माझ्याशी मराठी बोलणारं तेवढंच कोणीतरी होतं.

विंझरला मराठी बोलणारे ढीगभर, आणि सगळे एकच बोलतात. "ऊन घेतलंस का सारिका?" लग्नाच्या वयात जी आई मला "काळी पडशील" म्हणून उन्हातून आत ओढायची, तीच आता अकरा वाजले की मला अंगणात बसवते. हसू येतं, मग रडूही येतं. चार महिने मी तिथे बसले, येणाऱ्याजाणाऱ्याचे सल्ले ऐकले. तुला काय ऐकू येतं, असं एकानेही विचारलं नाही.

गेल्या सोमवारी नवा रिपोर्ट आला. व्हिटॅमिन छत्तीस, म्हणजे नॉर्मल. सम्राटने पेढे वाटले. माझ्या डोक्याच्या गोळ्या मात्र चारच उरल्या होत्या. त्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि चिठ्ठी पुण्याचे मानसोपचाराचे डॉक्टर देतात. गर्दीत आवाज वाढतो, म्हणून एसटीत एकटीने बसायची मला धास्ती वाटते.

"आता कशाला पुणं?" सम्राट म्हणाला. "बरी झालीस की. आन् आपल्या प्रेरणाला बगायला लोकं येणारेत. तसल्या दवाखान्यात कुणी बगितलं मंजी?"

प्रेरणा त्याची मुलगी. तिच्या लग्नाआड मला यायचं नव्हतं, पण राग आलाच.

संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. मी सरळ सांगून टाकलं. "आई, मला अजून आवाज येत्यात. गोळ्या बंद पडल्या तर मी परत तशी व्हईन. चल की माझ्यासंगं."

तिचा हात थांबला. "तुझ्या आत्याला बी येत व्हते," ती म्हणाली.

मला आत्या होती हे मी चौतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते.

"मग काय झालं तिचं?"

"आतल्या खोलीत ठिवायचे तिला. गेली तवर तितंच व्हती." तव्यावरची भाकरी करपली तरी आईला भान नव्हतं. "तवा व्हिटॅमिन न्हवतं गं."

आणि ती रडली. मला वाटलं, आता ही येणार.

सकाळी ती थांब्यापर्यंत आलीसुद्धा. एसटी दिसली तसा मी तिचा हात घट्ट धरला. तेवढ्यात शेजारची बनाबाई दूध घालून परत येताना दिसली.

"कुठं गं मायलेकी?"

आईने हात सोडवून घेतला. "मी न्हाई, ही एकलीच चाललीय," ती म्हणाली. "व्हिटॅमिनच्या गोळ्या आणाया."

बनाबाईने माझ्याकडे पाहिलं. मीही "व्हय" म्हणाले आणि एसटीत चढले.