भिंतीकडची बाजू

ड्रायव्हरीणबाईला आयुष्यात कुणी नापास केलं नव्हतं. शाळेत नाही, बसच्या लायसन्सला नाही, आणि पाववाल्याशीच लग्न करणार म्हणून ती हटून बसली तेव्हा घरच्यांनीही कुरकुरत का होईना, पासच केलं होतं. पण आज परवाना कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, जमिनीला स्क्रूने जखडलेल्या खुर्चीत बसून, ती नापास व्हायच्या बेतात होती.

ड्रायव्हरीणबाई आणि पाववाला, ही दोन्ही नावं तिच्या दादाने ठेवलेली. ती या परक्या शहरात बस चालवायची आणि तिचा नवरा, जो तिसऱ्याच देशातला, बेकरीत पाव भाजायचा. त्याच्याकडे कायम राहण्याचा परवाना होता, तिच्याकडे वर्षावर्षाचा. मुदत संपत आली की दरवर्षी ती कार्ड उलटंसुलटं करून तारीख बघत राहायची. आता चार वर्षांनी कायमच्या परवान्याची पाळी आली होती. मात्र लग्न खरं आहे, कागदापुरतं नाही, हे पटवून द्यायला हवं होतं. नाही पटलं तर तीस दिवसांत चंबूगबाळं आवरायचं. मग ती तिकडे आणि तो इकडे.

तयारीत कसूर नव्हती. वहिनीने तीन आठवडे फोनवरून दोघांची उजळणी घेतली होती. सासूचा वाढदिवस, दात घासायच्या ब्रशचा रंग, लग्नाच्या दिवशी ऊन होतं की ढग. पाववाल्याने तर बायकोच्या चारही मावश्यांची नावं वयाच्या क्रमाने पाठ केली. तुझ्या दादाला माझी एक मावशी आठवत नाही आणि आमचं लग्न म्हणे खरं, असं वहिनी म्हणाली होती.

मावश्यांबद्दल कुणी विचारलंच नाही. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारलं ते भलतंच. रात्री जेवायला सोबत कोण? तो म्हणाला, कुणी नाही. ती म्हणाली, कुणी नाही. सकाळचा चहा कोण करतं? आपापला. पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपता? तो म्हणाला भिंतीकडे. तीही म्हणाली भिंतीकडे.

अधिकारीबाईंनी गळ्यातल्या दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि दोघांना एकत्र आत बोलावलं.

"भिंत एक, माणसं दोन," त्या म्हणाल्या. "नातेवाईक पाठ करून येणारी जोडपी मी रोज बघते. एका घरात राहणारी माणसं अशी उत्तरं देत नाहीत."

पाववाल्याचा चेहरा कच्च्या कणकेसारखा पांढरा पडला. ड्रायव्हरीणबाईच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षं संसार केला तो काय हिच्या चष्म्यासाठी? तिने एक कोरा कागद मागून घेतला आणि डेपोत ड्युटीचा तक्ता काढतात तसा चोवीस तासांचा तक्ता आखला. वरची ओळ त्याची, खालची तिची.

तो पहाटे तीनला उठतो, चारला भट्टीवर. दुपारी साडेबाराला घरी. ती दोनला बाहेर पडते, साडेदहापर्यंत बस, अकराला घरी. तो सातलाच झोपलेला असतो. म्हणजे जागेपणी एकत्र रोज दीड तास. त्या दीड तासात जेवण, भांडण, भाजी आणि बाकीचा सगळा संसार. तिने ते दीड तास पेनाने गिरवून गिरवून काळे केले. पाववाल्याने मध्येच पेन घेऊन सव्वा तास केला, कारण पाऊणच्या आत तो कधीच पोचत नाही. तिने पेन परत घेतलं आणि सांगितलं की पोचला असतास, रस्त्यात गप्पा मारत उभा राहिला नसतास तर.

"मग भिंत?" अधिकारीबाईंनी विचारलं.

तीनपर्यंत भिंतीकडे तो, तीननंतर ती. तो उठला की ती त्याच्या उबेत सरकते आणि आठपर्यंत तिथेच झोपते.

"भिंतीकडून उठायचं म्हणजे यांना ओलांडूनच जात असणार तुम्ही."

"छे," पाववाला म्हणाला. आता त्याला जरा कंठ फुटला होता. तो पायथ्याकडून घसरत उतरतो. दिवा लावत नाही. कपडे स्वयंपाकघरात बदलतो, बूट हातात घेऊन जिना उतरतो. चार वर्षांत एकदाही तिची झोप मोडलेली नाही, असं त्याने छाती फुगवून सांगितलं.

ड्रायव्हरीणबाईने मान खाली घातली. तिला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

"मी जागी असते," ती हळूच म्हणाली.

"कधी?"

"रोज."

पाववाला तिच्याकडे वळला. समोर अधिकारी आहे, परवाना टांगणीला आहे, कशाचंच भान त्याला उरलं नाही. "चार वर्षं? मग बोलत का नाहीस?"

"तू एवढी चोरपावलं टाकतोस. त्यावर पाणी कशाला फिरवू? तू दार लावलंस की झोपते परत."

"आणि मी बूट हातात घेऊन..."

"गेल्या महिन्यात एक पडला होता जिन्यात. तेव्हाही मी गप्प होते."

अधिकारीबाईंनी चष्मा काढला. तक्ता जवळ ओढून त्यांनी तीनच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग त्यांनी तो फाइलमध्ये लावला, वर शिक्का मारला आणि बाहेर बसायला सांगितलं. अर्ध्या तासाने अधिकारीबाईंनीच खिडकीतून ड्रायव्हरीणबाईच्या हातात कार्ड दिलं.

तिने ते सवयीने उलटंसुलटं करून पाहिलं. मुदतीच्या रकान्यात काहीच नव्हतं. ती तशीच परत खिडकीशी गेली.

"तारीख घालायची राहिली," ती म्हणाली.

अधिकारीबाईंनी मान वर केली. "राहिली नाही. याला तारीख नसते."