शेवटचे चार किलोमीटर

उतार सुरू होण्याआधी काकांनी सायकल थांबवली, गुडघ्यावर बसले आणि रस्त्यावरची मूठभर खडी उचलून तळहातावर पसरली. मोठे दगड बाजूला काढले, उरलेला चुरा अंगठ्याने चोळून पाहिला.

"वरची खडी सुटी आहे," ते म्हणाले. "पण खाली घट्ट बसलीय. चाक धरेल. रस्ता वाईट नाही."

जंगलाच्या फाटकाशी वाटाड्याची गाडी लावून दोघांनी सायकली उतरवल्या होत्या. आठ किलोमीटर झाले. काका आता शिवी देतील, मग देतील, असं मनात म्हणत तो त्यांच्या मागे पायडल मारत आला होता. काकांनी मात्र एवढ्या वाटेत एकदाच तोंड उघडलं होतं, तेही मागे वळून, "तुमचं मागचं चाक घासतंय" असं सांगायला. मग स्वतःच थांबून, खिशातल्या पान्याने ते नीट करून दिलं होतं.

वाटाड्या हे त्याचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो नकाशे काढायचा. सुटीच्या दिवशी जाड टायरची सायकल घेऊन डोंगरातले, जंगलातले कच्चे रस्ते धुंडाळायचा आणि घरी येऊन त्यांची वर्णनं याच नावाने इंटरनेटवर टाकायचा. चढ कुठे दम काढतो, पाणी कुठे मिळतं, कुठल्या वळणावर कुत्री अंगावर येतात, सगळं. नऊ वर्षांत एकेचाळीस रस्ते झाले होते. शहरातली सायकलवेडी मंडळी त्याच्यावर डोळे झाकून विसंबायची, कारण प्रत्येक वर्णनाखाली एक ओळ ठरलेली असायची: 'पूर्ण रस्ता स्वतः चालवून पाहिलेला आहे.'

या रस्त्याखालीही ती होती.

काकांची लेक सहा आठवड्यांपूर्वी इथून गेली. अठ्ठावीस वर्षांची, एका इस्पितळात एक्स-रे काढायची. उताराच्या शेवटी वळण, वळणापलीकडे ओढा, आणि ओढ्यावरचा पूल आदल्या वर्षीच्या पुरात वाहून गेलेला. मागून आलेल्या दोघांना ती अर्ध्या तासाने खालच्या दगडांत सापडली. परवा काकांचा फोन आला होता. "मी तिचा बाप. सायकल दुरुस्तीचं दुकान आहे माझं. मला ती जागा बघायचीय. रस्ता तुम्ही काढलाय, तुम्हीच दाखवा." वाटाड्या नाही म्हणू शकला नव्हता. गाडीने निम्म्यापर्यंत जाता येतं, असं त्याने सुचवून पाहिलं, तेव्हा काका म्हणाले होते, "ती सायकलवरून आली. मीही सायकलवरूनच येणार."

"चला," काका आता म्हणाले आणि उताराला लागले.

ते त्रेसष्ट वर्षांचे होते, पण सायकल अशी सोडत होते की वाटाड्याच मागे पडला. दोन्ही बाजूंना झाडी दाटलेली, मध्ये पांढरट रस्ता, चाकांखाली खडीची करकर. वळणाच्या बऱ्याच आधी काकांनी ब्रेक लावला आणि वेग शांतपणे उतरवत आणला. पुढे रस्त्यावर दोन लाल पिंपं आडवी ठेवलेली होती, त्यांना दोर बांधलेला. अपघातानंतर वनखात्याने केलेली सोय.

काका दोराशी जाऊन उभे राहिले. खाली ओढ्याला घोटाभर पाणी होतं. पुलाचा एक खांब पलीकडच्या काठाला टेकून पडला होता. वाटाड्या चार पावलं मागेच थांबला, हँडल दोन्ही हातांनी धरून.

"लहानपणी पायाला नुसती भिंगरी," काका खाली बघत म्हणाले. "म्हणून नावच भिंगरी पडलं. शाळेच्या दाखल्यावर काय आहे, ते तिच्या आईलासुद्धा चटकन आठवायचं नाही."

ते थोडे हसले. मग शर्टाच्या खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली आणि उघडून वाटाड्यापुढे धरली. आत ब्रेकचे दोन पॅड होते, नखाएवढे, जवळजवळ कोरे.

"हे बघा. त्या रविवारी पहाटे, ती निघायच्या आधी बदलले. मीच बदलले. नवे पॅड लगेच धरत नाहीत, साहेब. वीस-पंचवीस वेळा जोरात दाबून, घासून बसवावे लागतात. मी म्हटलं, थांब, गल्लीत दोन चकरा मारून आणतो. ती म्हणाली, बाबा, उशीर होतोय, चढात बसतील." त्यांनी पुडी पुन्हा घडी घातली. "चढात ब्रेक कोण दाबतं? पस्तीस वर्षं हाच धंदा करतोय मी. गिऱ्हाइकाला असं जाऊ दिलं नसतं. लेकीला जाऊ दिलं."

"काका, तसं नसेल," वाटाड्या म्हणाला. "वळणावर पूल दिसतच नाही. कुणीही..."

"नाही दिसत. पण तुम्ही लिहिलं होतंत ना!" काकांनी मोबाइल काढला. त्यांनी त्या मजकुराचा फोटो काढून ठेवला होता, आणि शाळेतल्या पोरासारखं बोट ठेवत त्यांनी तो वाचला. "'शेवटच्या उतारावर वेग ठेवू नये. वळणानंतर पूल नाही. दोनशे मीटर आधी उतरून चालावे.' आता याहून स्पष्ट काय लिहिणार माणूस? आणि ती सगळं वाचायची. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा वाचायची. म्हणजे तिला माहीत होतं. तिने ब्रेक दाबले असणार, आणि ते लागले नसणार. दुसरं काय?"

वाटाड्याने तो मजकूर कधी लिहिला, ते त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. त्या रविवारी दुपारी एकच्या सुमारास अपघाताची बातमी आली. दोनच्या आत त्याने पान उघडून त्या ओळी घातल्या होत्या. त्याआधी तिथे लिहिलेलं होतं: 'शेवटचे चार किलोमीटर निवांत उतार, सायकल मोकळी सोडा.' ते चार किलोमीटर त्याने कधी पाहिलेच नव्हते. रस्ता काढायला आला त्या दिवशी उताराच्या तोंडाशीच त्याची चेन तुटली आणि तो सायकल ढकलत फाटकाकडे परतला. पुन्हा कोण एवढ्या लांब येणार, म्हणून घरी बसून उपग्रहाच्या फोटोवरून त्याने पुढची रेघ ओढून टाकली. दहा मिनिटांचं काम. फोटोत पूल होता. फोटो दोन वर्षांपूर्वीचा होता.

"हे पहिल्यापासून लिहिलेलं होतं ना?" काकांनी विचारलं. त्यांच्या आवाजात संशय नव्हता. आजारी माणसाच्या घरचे डॉक्टरला तेच तेच विचारतात, तसं त्यांनी विचारलं होतं.

"हो," वाटाड्या म्हणाला.

काकांनी मान हलवली. मोबाइल खिशात ठेवला. वाटाड्याचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडताना झालेला आवाज आपला आपल्यालाच ऐकू आला, असं त्याला वाटलं. त्याने ओढ्याकडे पाठ फिरवली.

"मला वाटलं होतं, तुम्ही येणार नाही," काका म्हणाले. "लोक असल्या वेळी टाळतात. तुम्ही आलात, रस्ता दाखवलात. आता माझ्या मनात किंतु नाही."

परतताना चढ होता. काका मध्येच उतरले आणि सायकल हाताने ढकलत चालू लागले. वाटाड्याही उतरला. दम लागला होता म्हणून कुणी बोललं नाही, आणि दम लागला आहे याचं वाटाड्याला बरंच वाटलं.

फाटकाशी रेंज आली तसा काकांचा फोन वाजला. त्यांनी सायकल झाडाला टेकवली.

"हो, बघितलं," ते फोनवर म्हणाले. "नाही गं. रस्त्याचा काही दोष नाही. साहेबांनी सगळं लिहिलेलं होतं. सांगितलं ना, माझाच हात चुकला." मग फोन वाटाड्यापुढे धरला. "तिला बोलायचंय तुमच्याशी." आणि ते सायकली गाडीवर चढवायला गेले.

"भाऊ, मी भिंगरीची आई." आवाज हळू होता, जणू पलीकडच्या खोलीत कुणी निजलंय. "तुम्ही त्यांना घेऊन गेलात, उपकार झाले. ते जवळ आहेत का?"

"नाहीत. तिकडे आहेत."

"मग ऐका. सहा आठवडे दुकान उघडलेलं नाही. दिवसभर ते पॅड हातात घेऊन बसतात. काल सगळी हत्यारं पोत्यात भरली, भंगारवाल्याला देतो म्हणतात. मी सांगून थकले. माझं त्यांना पटत नाही, मला सायकलीतलं काय कळतं? तुमचं पटेल. तुम्ही जाणकार आहात. एवढंच सांगा त्यांना, की त्यांची चूक नव्हती. खोटं असलं तरी चालेल."

वाटाड्याने गाडीकडे पाहिलं. काका त्याची सायकल पट्ट्याने आवळत होते, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून मध्ये स्वतःचा रुमाल घालून.

"सांगतो, ताई," तो म्हणाला.

फोन परत द्यायला गेला तेव्हा काका हात पुसत उभे होते.

"काय म्हणाली?"

वाटाड्याने फोन त्यांच्या हातात दिला. वाऱ्याने झाडांची पानं हलली, फाटकाची साखळी वाजली. काका वाट बघत होते.

"काही नाही," तो म्हणाला. "जेवायला थांबल्यात म्हणाल्या."

"थांबते," काका म्हणाले. "अजून तीन ताटं मांडते. मांडून झाल्यावर तिच्या लक्षात येतं. मी काही बोलत नाही."

ते वाकून गाडीत बसले आणि दार हळूच लावून घेतलं. वाटाड्याने गाडी सुरू केली.