हळदीत उघडलेला डबा

कमळाबाईच्या प्रितमचं लग्न २०२४ साली झालं. त्याच्या आदल्या गणपतीत, गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, जानकीबाईंनी स्टूल लावून मला माळ्यावरून खाली काढलं. माझ्या अंगावर बोटभर धूळ होती. आत एक सुकलेलं झुरळ होतं. त्यांनी मला राखेने घासलं, उन्हात पालथं घातलं आणि म्हणाल्या, "चल, तुझी ड्युटी परत लागली."

मित्रांनो, मी एक जुना तीन पुडांचा स्टीलचा डबा आहे. जी गोष्ट सांगतो आहे ती सांगताना मला लाज वाटते. तरी सांगतो.

माझा जन्म भाईंदरच्या एका लहान कारखान्यात झाला. एका गोल पत्र्यावर मोठा दाब पडला आणि मी खोल झालो. असे तीन पूड झाले, वर झाकण आलं, बाजूने पट्टी आणि कडी आली. भिवंडीच्या बाजारातून मला शेलार गावच्या लडकूने आणलं. तेव्हा तो पावरलूमच्या कारखान्यात कामाला होता. रोज बारा तासांची शिफ्ट. त्याची बायको जानकीबाई मला भरायच्या. खालच्या पुडात भात, मधल्यात माशाचं कालवण, वरच्यात तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि कांदा. लूमच्या खडखडाटात माझं झाकण थरथरायचं. जेवणाच्या सुट्टीत लडकू मला उघडायचा आणि उत्तरेकडचे कामगार म्हणायचे, "भाभी के हाथ की मछली है क्या आज?" तो प्रत्येकाला एकेक तुकडा द्यायचा. एकदा सायकलवरून पडून माझ्या पोटाला पोचा आला. तो आजही आहे. ती माझी चांगली वर्षं होती.

मग शेलारच्या आजूबाजूच्या शेतांत गोदामं उभी राहिली. लडकूच्याही शेतात एक उभं राहिलं आणि भाडं येऊ लागलं. नोकरी सुटली, शेतात वाकणंही सुटलं. लडकू गोदामाच्या दाराशी खुर्ची टाकून बसू लागला आणि घरचं गरम जेवण तिथे गाडीतून येऊ लागलं. माझं काम संपलं. मी माळ्यावर गेलो.

माळ्यावरून दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. तिथेच मी एका भांडणाबद्दल ऐकलं. लडकूची धाकटी बहीण कमळा वळ गावात दिलेली. तिचा प्रितम बारावी पास झाला म्हणून तिने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. पंगतीत ती गमतीने म्हणाली, "दादाला भाकरी मोजून वाढू नका रं, टोपलीच ठेवा जवळ." सगळे हसले. लडकूला आपलं वाढलेलं अंग आधीच खुपत होतं. तो उष्ट्या हातानेच उठला. "तुज्या घरचं पानीसुद्धा न्हाय पिनार," असं म्हणाला आणि घरी आला. जानकीबाईंनी आल्या आल्या ते सगळं शेजारणीला सांगितलं, म्हणून मला कळलं.

त्यानंतर अकरा वर्षं तो बहिणीच्या दारापर्यंत जायचा, सुखदुःखाचं बोलायचा आणि उभ्या उभ्या परत यायचा. कमळा मात्र दर भाऊबीजेला शेलारला यायची. ओवाळायची, जेवायची आणि जाताना म्हणायची, "दादा, एकदा येशील जेवाला." तो मान हलवायचा. हो की नाही ते कळायचं नाही.

आता माझी ड्युटी परत का लागली ते सांगतो. लडकूचं वजन एकशे बारा किलो झालं होतं. दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, वीस किलो तरी उतरवा, त्याशिवाय ऑपरेशन करणार नाही. त्याची लेक मनाली शहरातल्या जिममध्ये बायकांना व्यायाम शिकवते. तिने डॉक्टरांना विचारून बापाला केटोवर ठेवलं. भात नाही, भाकरी नाही, साखर नाही, बटाटा नाही. अंडी, मासे, मटण, पनीर, पालेभाजी आणि लोणी चालतं.

"म्हंजे भाकरी सोडून सगळं," लडकू म्हणाला.

"बाबा, भाकरीच सोडायची आहे. बाकीचं तुम्ही आपोआप कमी खाल," मनाली म्हणाली.

तसंच झालं. सकाळी खुर्चीत बसून पाय उचलायचा व्यायाम, मग रस्त्याने हळूहळू चालणं. सोबतीला त्याचा मित्र काळूराम असायचा. चालून झालं की काळूराम नाक्यावर वडापाव खायचा आणि लडकू समोर बसून माझ्यातली उकडलेली अंडी खायचा.

"लडक्या, येवढं चालून कोंबडीची पिल्लंच खातोस रं. माझ्या वड्याकडं बघ तरी," काळूराम म्हणायचा.

"बघून वजन वाढतं म्हनं," लडकू म्हणायचा.

दोघे हसायचे. मला पुन्हा कामाला आल्यासारखं वाटायचं. मी माझ्या मनातल्या मनात फुगलोही होतो, हे कबूल करतो.

पण घराबाहेर लडकूला केटो हा शब्द उच्चारायची लाज वाटायची. शहरातल्या पोरी करतात ते डाएट आपण या वयात करतो, असं गावात कोणाला कळू नये असं त्याला वाटे. तुळशीच्या लग्नानंतर एका लग्नात त्याने आग्रहाला बळी पडून एक भाकरी खाल्ली. एकीच्या सात झाल्या. वर जिलेबी. पुढचे पंधरा दिवस काटा हलला नाही. तेव्हा मनालीने सांगितलं, "कुठेही गेलात तरी आपला डबा न्या. आधी डबा खा, मग लोकांत बसा. आणि सरळ सांगा, डॉक्टरांनी पथ्य दिलंय."

डबा न्यायचं त्याने ऐकलं. सरळ सांगायचं ऐकलं नाही. त्याने स्वतःची युक्ती काढली. कोणी ताट पुढे केलं की तो म्हणायचा, "आज उपास हाय माजा." आमच्या भागात उपासाला कोणी आग्रह करत नाही. उपास म्हटलं की वाढणारा हात जोडून पुढे जातो. मग लडकू गाडीच्या मागच्या सीटवर बसून मला उघडायचा आणि उपासाच्या नावाखाली तळलेली सुरमई खायचा. मी गुपचूप त्याला साथ दिली. तेव्हा मला ते विनोदी वाटायचं.

फेब्रुवारीत प्रितमचं लग्न ठरलं. आमंत्रण द्यायला कमळा स्वतः आली. सुपारी पुढे ठेवून म्हणाली, "दादा, मामाशिवाय हळद न्हाय लागायची. येशील ना? जेवशील ना?"

लडकूच्या डोळ्यांत पाणी आलं. "येतो गं. तुज्याकडं जेवाला येतो," तो म्हणाला.

मित्रांनो, त्याने त्या दिवशी जुना राग खरोखर सोडला होता. मी ओट्यावर होतो, मी पाहिलं. त्याच्या मनात भांडण मिटलं होतं. म्हणूनच पुढे काय होईल ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

हळदीच्या रविवारी जानकीबाई मला भरताना थांबल्या. "आवो, तिकडं मटान हाय. नुसतं मटान खा की, भाकरी नका घेऊ. तुमच्या पथ्यात बसतं. डबा कशाला?"

"समोर भाकरी आली की माजा हात ऱ्हात न्हाय," लडकू म्हणाला. "त्या लग्नात बघितलंस ना? आधी डबा खातो, मग तिच्या ताटातलं दोन तुकडे मटान खातो. पोट भरलेलं असलं की भीती न्हाय."

बेत चुकीचा नव्हता. पण त्याने तो बहिणीला आधी सांगितला नाही.

वळला मांडवात खूप गर्दी होती. एका बाजूला गावातल्या बायका चुलींवर भाकऱ्या थापत होत्या. तव्यावरून निघालेली भाकरी फुगायची आणि टोपलीत पडायची. त्यांतच कमळा होती. वरमाई ती, तरी पिठात हात तिचेच. बँड एवढा वाजत होता की माझी पट्टी हलत होती. बाहेर गाड्या आडव्या लागल्या होत्या, लडकूला आपल्या गाडीत शिरता येईना. शेवटी तो मांडवाच्या मागे, जिथे रिकाम्या खुर्च्या रचल्या होत्या, तिथे बसला आणि मला मांडीवर घेतलं. माझी कडी जुनी, दहा वेळा खेचल्याशिवाय निघत नाही. त्या दिवशी एका झटक्यात निघाली. वरच्या पुडात अंडी, मधल्यात सुरमई, खाली पालक आणि पनीर. सुरमईचा वास सुटला.

त्याने एक तुकडा तोंडात घातला तोच समोर कमळा उभी राहिली. हातात ताट होतं. मटण आणि वर तव्यावरची पहिली भाकरी. तिने ती भावासाठी बाजूला काढून ठेवली होती. तिच्या मागे वळचे चार पाहुणे.

"दादा, कवाची शोधते तुला. घे," ती म्हणाली.

लडकूच्या तोंडात घास होता. समोर पाहुणे होते. तो गडबडला आणि सवयीचं वाक्य तोंडातून निघालं, "आज उपास हाय माजा."

एक पाहुणा माझ्यात डोकावला. "आयतवारचा उपास? आनि उपासाला सुरमई?"

पाहुणे मोठ्याने हसले. लडकूही हसला. ते हसणं लाजेचं होतं, पण ते फक्त मला माहीत होतं. कमळा हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. तीन पूड उघडे, तिन्ही भरलेले.

"घरून जेवन घेऊन आलास," ती म्हणाली.

"तसं न्हाय गं. मना चालत न्हाय..."

"काय चालत न्हाय? मासं चालतात. अंडी चालतात. माज्या घरचं चालत न्हाय."

तो बोलला असता तर एका वाक्याचं काम होतं. गुडघे, डॉक्टर, वजन. पण चार माणसांसमोर, अकरा वर्षांपूर्वी ज्या घरात आपल्या खाण्यावर लोक हसले त्याच घरात, आपण बारीक व्हायला निघालो आहोत हे सांगायचं त्याच्या जिवावर आलं. कमळाने ताट शेजारच्या खुर्चीवर ठेवलं, पदराने हात पुसले आणि चुलीकडे गेली. प्रितमला हळद लावताना लडकू गेला, त्याने हळद लावली. बहिणीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ताट तसंच राहिलं. त्यावर माश्या बसल्या.

परत येताना जानकीबाई गाडीत म्हणाल्या, "फोन करा आनि सांगा."

"फोनवर काय सांगू? वजन उतरू दे. मना बघितलं की तिलाच कळंल," लडकू म्हणाला.

मित्रांनो, यानंतर त्याने पथ्य असं पाळलं की मनालीही थक्क झाली. साखरपुडे झाले, बारशी झाली, गावदेवीची जत्रा झाली. सगळीकडे मी बरोबर. आता तो उपास म्हणत नसे. "डॉक्टरांनी भाकरी बंद केलीय," असं सरळ सांगायचा. आणि खरं सांगतो, कोणी हसलं नाही. उलट दोघातिघांनी मनालीचा नंबर मागितला. पाहुण्यांना सांगता आलं, काळूरामला सांगता आलं. फक्त बहिणीला सांगायचं राहिलं. एप्रिलमध्ये ब्याण्णव किलो झाले. जूनमध्ये गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. जुलैत तो काठी घेऊन अंगणात चालू लागला.

त्याने ठरवलं होतं, राखीला या वर्षी आपण वळला जायचं. तिच्या अंगणातून स्वतःच्या पायांनी चालत जायचं, मटण वाढ म्हणायचं आणि अर्धी भाकरीसुद्धा खायची. मनालीने अर्ध्या भाकरीची परवानगी दिली होती. कॅलेंडरवर त्या तारखेला पेनाने गोल केला होता.

राखीच्या नऊ दिवस आधी वळहून फोन आला.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. नातेवाईक जेवण घेऊन जातात. जानकीबाईंनी पिठलं केलं, भाकऱ्या केल्या, आणि घरातला सगळ्यात मोठा डबा म्हणून मलाच भरलं. कितीतरी वर्षांनी माझ्यात भाकरी आली. लडकू मला हातात घेऊन कमळाच्या अंगणातून चालत गेला. काठी गाडीतच राहिली होती.

प्रितम ओट्यावर बसला होता. लडकूने त्याला सगळं सांगितलं. गुडघे, केटो, उपासाची थाप, सगळं.

"मामा, आईला हे म्हाईत होतं?"

"न्हाय."

"ती म्हनायची, दादानं अकरा वर्षं राग धरला तो धरला, लेकराच्या हळदीत पन न्हाय सोडला." मग त्याने माझी कडी काढली. "बसा. तुमी पन खा."

लडकूने अर्धी भाकरी खाल्ली. बहिणीच्या घरात बसून खाल्ली, पण ती शेलारची होती. कमळाच्या हातचं खायचं राहूनच गेलं.

मित्रांनो, आता मी पुन्हा ओट्यावर असतो. लडकू रोज सकाळी चालतो, मी बरोबर जातो. काळूराम वडापाव खातो, लडकू अंडी. दोघे पूर्वीसारखे हसत नाहीत. माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. पथ्य जरूर पाळा. व्यायाम करा. आपला डबा न्यायचा असेल तर न्या, त्यात कमीपणा नाही. पण ज्या घरी जाणार त्या घरच्या माणसाला आदल्या दिवशी सांगा. खोटं सांगू नका, आणि वजन उतरेपर्यंत थांबू नका. भांड्याला बोलता येत नाही, म्हणून मी त्या दिवशी उघडाच राहिलो. तुम्हाला बोलता येतं.

कमळाबाई १० ऑगस्ट २०२४ रोजी, शनिवारी सकाळी, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, वळ येथे हृदयविकाराने वारल्या. त्यांचं वय सत्तावन्न होतं.