सहाही गिटारी बेसूर

सुचेता म्हात्रेच्या घरात पहिल्यांदा बिघडली ती फणसाच्या लाकडाची गिटार. सकाळी चहाचं आधण ठेवून तिने ती भिंतीवरून उतरवली, रोजच्यासारखी पाचवी तार छेडली आणि चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं. एका तारेतून दोन सूर येत होते. एक नेहमीचा. दुसरा त्याच्याहून किंचित चढा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पहिल्याला खेटून थरथरणारा.

तार जुनी झाली असेल म्हणून तिने नवी चढवली. नवीतूनही दोनच सूर आले. मग तिने शेजारची बारा तारांची काढली, मग कॉलेजातली लाल इलेक्ट्रिक, मग उरलेल्या. चहा उतू गेला. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या त्या हॉलच्या भिंतीवर सहा गिटारी टांगलेल्या होत्या आणि एका रात्रीत सहाच्या सहा बेसूर झाल्या होत्या.

एखादी गिटार बिघडते, हे तिला ठाऊक होतं. लाकूड हवा पितं, फुगतं, आकसतं. मान वाकते, तार मरते. पण वेगवेगळ्या लाकडांच्या, वेगवेगळ्या वयांच्या सहा गिटारी एकाच वेळी, एकाच तऱ्हेने कशा बिघडतील? घरात कुणी शिरून गेलंय असं वाटून तिने दाराची कडीसुद्धा पाहिली. मग तिला एसी आठवला आणि जरा बरं वाटलं, कारण एसीवर चिडता येत होतं.

एसी अमृतने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, रात्रभर चालू ठेवला होता. भाईंदरला त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि गिटार त्याला फक्त भिंतीला किती मोठा खिळा लागतो एवढ्यापुरती कळायची. लाकडाला सर्दी झाली का, असं त्याने विचारलं. ती हसली नाही. त्या दिवसापासून हॉलमधला एसी बंद झाला, सहाही गिटारींना नव्या तारा चढल्या आणि दोघं घामाघूम होऊन जेवू लागली.

आपल्या कानाचंच काही असेल, हे तिच्या मनालाही शिवलं नाही. रविवारी सकाळी मीरा रोड, वरसावे, उत्तन इथले सात-आठ हौशी वाजवणारे एकत्र जमायचे. तासभर वाजवायचं आणि दोन तास गिटारींवर बोलायचं, असा त्यांचा हिशोब. कुणी काय विकून काय घेतलं, कुणाची कुठल्या लाकडाची, कुणाच्या बायकोला अजून नव्या गिटारीचा पत्ता नाही. त्यात सूर लावून द्यायचं काम सुचेताकडे. बाकीचे गिटारीच्या डोक्याला चिमट्यासारखं मशीन लावून सूर जुळल्याचा हिरवा दिवा लागायची वाट पाहायचे. ती त्यांना ‘डोळ्यांनी ऐकणारे’ म्हणायची. उत्तनच्या गेविनने तिच्या कानाचं नाव ‘हायकोर्ट’ ठेवलं होतं. हायकोर्टाने तार उतरलेली आहे म्हटलं की खुंटी पिळायची, वाद घालायचा नाही.

त्या रविवारी ती फणसाची गिटार घेऊनच गेली. ती तिची सगळ्यात लाडकी. बाकीच्या पाच दुकानांतून आल्या होत्या. ही त्यांच्यातच वाजवणाऱ्या जॉयसच्या मामाने, उत्तनच्या कॉन्रॅड सुताराने, होड्यांची कामं सांभाळून वर्षभर घासून केली होती. मामा गेल्यावर जॉयसने ती सुचेताच्या हातात दिली, कारण त्या घरात वाजवणारी जॉयस एकटीच आणि तिच्याकडे आधीच दोन होत्या.

गेविनने गिटारीला मशीन लावलं. हिरवा दिवा लागला. सुचेता म्हणाली, मशीन बिघडलंय. त्याने दुसऱ्याचं मागून लावलं, मग तिसऱ्याचं.

“तिन्ही बिघडली म्हणतेस?” गेविन म्हणाला. “हायकोर्ट, आता सुप्रीम कोर्टात जावं लागंल आम्हाला.”

सगळे हसले. गेल्या वर्षी याच मंडळींनी ती चहा आणायला गेलेली असताना तिच्या तारा उतरवून ठेवल्या होत्या. या वेळीही तसलंच काहीतरी असेल म्हणून ती एकेकाचा चेहरा न्याहाळत बसली. वाजवणं सुरू झालं. प्रत्येक तारेच्या मागे एक वाकडी सावली वाजत होती, सगळं मिळून भांड्यांच्या दुकानात कुणी काठी फिरवावी तसं. आणि चेहरे मात्र समाधानाने डोलत होते. त्यांतला एकही चोरून हसत नव्हता.

मग बशीत चमचा पडला. चमच्याचेही दोन आवाज आले. जॉयस शेजारून म्हणाली, “काय गो, बरं न्हाय काय तुला?” आणि तिच्या आवाजामागून आणखी एक जॉयस, पातळ, चिरकी, तेच शब्द बोलून गेली.

तिथे भीतीने जागा बदलली. इतके दिवस ती लाकडात होती, तारांत होती. आता ती सुचेताच्या डोक्यात येऊन बसली. डोकं दुखतंय असं सांगून ती घरी आली.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. तिच्या वडिलांची मिठागरं होती. म्हातारपणी त्यांना ऐकू येईनासं झालं, तेव्हा ते ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून हसायचे. काय बोललं जातंय ते कळत नाही, तर निदान हसावं. ते हसू तिच्या डोळ्यांपुढून हलेना. सांगितलं की ते खरं होईल, असं तिला वाटत होतं. डावा कान बंद झाल्यासारखा वाटायचा, पाण्यात बुडी मारून आल्यावर वाटतो तसा. तिने त्याला सर्दीचा दडा म्हणायचं ठरवलं. वाफ घेतली, कोमट तेल घातलं. शाळेत गणित शिकवताना मुलांचे दुहेरी आवाज ऐकत ती फळ्याकडे तोंड करून जास्त वेळ उभी राहू लागली. घरी आल्यावर भिंतीकडे बघायचंही टाळू लागली. रोज उतरवल्या जाणाऱ्या गिटारी नुसत्या टांगून राहिल्या आणि एखाद्या दाराआड कुणी उभं असावं तशा तिला त्या जाणवत राहिल्या.

आणि एका सकाळी दुसरा सूर गेला.

तिने फणसाची गिटार भीत भीत छेडली. एक तार, एक सूर. स्वच्छ. तिने बारा तारांची उतरवली, लाल उतरवली, सगळ्या उतरवून सोफ्यावर मांडल्या आणि एकामागून एक वाजवत सुटली. सगळ्या सुरात होत्या. तेल लागू पडलं, तारा बदलल्या ते बरं झालं, असं तिने अमृतला सांगितलं. त्याने विचारलं, मग आता एसी लावू का? ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. जॉयसला तिने फोन केला आणि तिच्या भाच्याच्या साखरपुड्याला उत्तनला नक्की येते, गिटार घेऊन येते, असं कबूल केलं.

साखरपुड्याचा मांडव जॉयसच्या अंगणात होता आणि मांडवाच्या तोंडाशीच बँड. ट्रम्पेटपुढे माणसांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, तर गिटार कुठली यायला! अशा गोंगाटात सूर लावायची वाजवणाऱ्यांची एक रीत असते. गिटारीच्या कडेला कान टेकवायचा. लाकडातून सूर थेट आत येतो, बाहेरचं जग मागे राहतं. सुचेताने आपली तशीच लावली. नेहमी वाकल्यावर उजवा कान टेकायचा, तसाच आताही टेकला. सूर सुरेख आला.

मग जॉयस म्हणाली, माझीही लावून दे. गिटार जॉयसच्या मांडीवर होती. सुचेता समोरून वाकली, त्यामुळे या वेळी डावा कान लाकडावर आला.

“वाजव,” ती म्हणाली.

गालाला लाकूड थरथरलेलं कळलं. सूर आला नाही.

“वाजव ना गं.”

“वाजवतेय गो कवापासून.”

पुन्हा गालाला थरथर. डोळ्यांसमोर जॉयसचं बोट तार ओढत होतं, सोडत होतं. तार धूसर होऊन हलताना दिसत होती. कानात काहीच नव्हतं, दडासुद्धा नव्हता. भिंत होती. सुचेताने तसंच वाकून राहून उजवा कान बोटाने दाबला, आणि बँड लांब गेला, मांडव लांब गेला, सगळं उत्तन कुणीतरी उचलून खाडीपलीकडे नेऊन ठेवलं. जॉयसने तिच्या खांद्याला धरून तिला सरळ केलं.

“मला या कानाने ऐकू येत नाही,” सुचेता म्हणाली. तिचा स्वतःचा आवाजही तिला एकाच बाजूने आला.

भाच्याच्या अंगठीचा कार्यक्रम टाकून जॉयसने स्कूटर काढली आणि सुचेताला मागे बसवून मीरा रोडला कानाच्या डॉक्टरकडे आणलं. वाटेत ती काहीबाही बोलत होती. सुचेताला फक्त उजवीकडून जाणाऱ्या गाड्या ऐकू येत होत्या. डावीकडच्या अचानक दिसायच्या आणि दर वेळी ती दचकून जॉयसचा खांदा घट्ट धरायची.

डॉक्टर तरुण होत्या, तपासणी शांतपणे करत होत्या. कानात मळ नव्हता, पडदा धड होता. यंत्रावर ऐकण्याची चाचणी झाली. मग त्यांनी सगळी हकिगत विचारली आणि सुचेताने ती सांगितली, गिटारींसकट. तारा बदलल्यावर सगळं सुधारलं होतं, हे तिने दोनदा सांगितलं.

“तारा सुधारल्या नव्हत्या, मॅडम,” डॉक्टर म्हणाल्या. “दोन सूर येत होते तोवर तो कान चुकीचं का होईना, ऐकत होता. तुम्हाला सूर स्वच्छ वाटला, त्या दिवशी तो बंद पडला.”

हे का होतं, ते बऱ्याचदा कळत नाही, असंही त्या म्हणाल्या. दुखत नाही म्हणून लोक येत नाहीत. पहिल्याच दिवशी आलेल्यांचा कान परतण्याची शक्यता जास्त असते. उशिरा आलेल्यांपैकी काहींचा परततो, काहींचा थोडा परततो. गोळ्या आजच सुरू करायच्या, शिवाय कानात इंजेक्शन. सुचेता मान डोलवत राहिली. आपण त्या आनंदाच्या सकाळी सोफ्यावर सहा गिटारी मांडून बसलो होतो, तेव्हा नेमकं काय ऐकत होतो, एवढंच तिच्या मनात फिरत होतं.

त्यानंतर रोज दुपारी शाळेतून आल्यावर ती फणसाची गिटार मांडीवर घ्यायची आणि पाचवी तार छेडायची. रोज सूर स्वच्छ यायचा. आयुष्यभर ज्या एका सुरासाठी तिने लोकांना हिणवलं, तोच ऐकू आला की ती गिटार परत टांगून आत निघून जायची. अमृत दुकानातून जेवायला आलेला असायचा. तिच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळायचं. आता तो तिच्या उजव्या बाजूला बसून जेवायचा.

दुसऱ्या इंजेक्शननंतरची एक दुपार. तिने तार छेडली आणि तिचा चेहरा बदलला. पुन्हा छेडली.

“काय झालं?” अमृत म्हणाला.

“बेसूर वाजतेय.”

“मला तर नेहमीसारखी...”

“गप्प बस ना जरा.”

तिने उजवा कान तळव्याने घट्ट दाबला आणि तार ओढून सोडली. खूप खालून, डबक्यात पडलेल्या पत्र्यासारखा, चढा, चिरका, घाणेरडा सूर आला. आला की भास झाला, हे ठरवायच्या आत विरून गेला. डॉक्टर म्हणाल्या होत्या, काहींचा थोडा परततो. म्हणजे एवढाच परतला, तर इथून पुढे प्रत्येक गिटार अशीच वाजणार. आणि उद्या हेही नसेल तर?

तिने तार पुन्हा ओढली. विरायच्या आत आणखी एकदा. अमृत ताटावरून उठून उष्ट्या हातानेच तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसला. तिने डोळे मिटले होते, आणि त्या वाकड्या सुराला खंड पडू नये म्हणून ती एकच तार वाजवत राहिली होती.